सटवाईची पांढरी चौकट

आमच्या गल्लीला नाव रंगाऱ्यांचं, पण आता तिथं मोबाइलची कव्हरं आणि लग्नाच्या पत्रिका मिळतात. कापड रंगवणारं एकच घर उरलं होतं, आवडाबाईचं, आणि तिनंही धंदा कधीच बंद केला होता. कुणाच्या घरी बाळंतपण आलं तर मात्र ती सटवाईचा पट करून द्यायची. करून द्यायची म्हणजे आधी चार शब्द सुनवायची. "छापील आना की. चकाचक येतो आता, भिजला तरी उतरत नाय," असं म्हणायची. माणूस खरंच उठून निघाला की मागून विचारायची, "कितवा लागलाय?"

सटवाई सहाव्या दिवशी येते आणि बाळाच्या नशिबात काय ते लिहून जाते, हे सगळ्यांनाच माहीत आहे. बाकीचे लोक त्या दिवशी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवतात. आवडाबाईच्या माहेरी कागद चालत नसे, कापड लागे. त्या कापडावर कडेनं काळी वेल काढायची. ती कुंपण, वाईट काही आत शिरू नये म्हणून. आत मुख्य रंग लाल. लाल म्हणजे देवीचं अंग आणि बाळंतपणाचं रक्त, दोन्ही. देवीजवळ मांजर, पिल्लं घेऊन कोंबडी, वासराला चाटणारी गाय, वर साक्षीला चंद्र आणि सूर्य. आणि मधोमध, देवीच्या मांडीपुढं, एक चौकट. तिच्यात काहीही काढायचं नाही. ती पांढरीच राहिली पाहिजे, कारण देवी तिथं लिहिते. गायीचं शिंग वाकडं झालं तर चालतं, देवीचं नाक फेंदारलं तरी ती रागवत नाही, पण चौकटीवर डाग पडला तर तो पट देवीचा राहिला नाही. मग त्यानं खुशाल गाडी पुसावी.

आवडाबाईनं स्वतःच्या सुनेसाठी असे दोन पट केले होते. दोन्ही सुरेख उतरले. दोन्ही मुली गेल्या. पहिली बारशाच्या आधी गेली आणि दुसरी हसायला लागल्यावर. बाळ गेलं तर त्याचा पट त्याच्यासोबत द्यायचा असाही एक नेम आहे. पट करताना तो कुणी मनात आणत नाही. आवडाबाईनं तो दोनदा पाळला, स्वतःच्या हातानं गुंडाळून.

आता त्याच सुनेला, तनुजाला, तिसरी मुलगी झाली होती, तीही आठव्या महिन्यातच. अचानक रात्रीतून पोट कापावं लागलं. तनुजा वॉर्डात आणि मुलगी वरच्या मजल्यावर काचेच्या पेटीत, नाकात नळी, छातीला वायरी. आवडाबाईचा मुलगा शिवराज वाळूजच्या कंपनीत होता. तो कंपनीतून दवाखान्यात जायचा, दवाखान्यातून घरी यायचा, डबा उचलायचा आणि परत जायचा. त्याला कुणी विचारलं कसं आहे, की तो "बघायचं" एवढंच म्हणायचा.

पट आधी तयार असायला हवा होता. पण पटाच्या आधी पोरगीच आली. आवडाबाईनं मुलगी झाली त्याच सकाळी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवलं.

इथं थोडं कामाचं सांगायला हवं, नाहीतर पुढं काय घडलं ते कळणार नाही. पटावर लाल रंग लाल म्हणून लावत नाहीत. गूळ आणि लोखंडाच्या गंजाचा काळा रंग असतो, त्यानं रेघा काढायच्या. मग जिथं लाल हवं तिथं तुरटीचं पाणी भरायचं. ते वाळलं की काही दिसत नाही. रंगारीण आंधळ्यासारखी अंदाजानं भरत जाते. शेवटी अख्खं कापड मंजिष्ठाच्या मुळ्या घातलेल्या पाण्यात उकळायचं. तुरटी जिथं लागली असेल तिथं लाल धरतं, तुरटी नसेल तिथला रंग धुवून निघून जातो आणि पांढरं उरतं. थोडक्यात, तुरटीचं बोट लागेल तिथं लाल. आवडाबाई सुनेला हेच सांगायची, की पांढरं आपण करत नाही, पांढरं आपण राखतो.

तुरटी तिनं शहागंजातून आणली होती, मुठीएवढा खडा. अर्धा वापरला, अर्धा खिडकीत ठेवला. रेघा झाल्या, तुरटी भरून झाली, वाळली. आता उकळायचं राहिलं होतं. मागचे दोन्ही पट तिनं करमाडला उकळले होते, बहिणीच्या मळ्यात. तिथं विहीर आहे, मोटर लावली की पाणी पाटानं वाहतं, कापड धुवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. या खेपेला करमाडला जायची सोय नव्हती. दवाखान्यातून केव्हा बोलावणं येईल याचा नेम नाही आणि बोलावणं कशाचं येईल हे मनात आणायचीही तिची हिंमत नव्हती. म्हणजे घरचंच पाणी. आमच्या शहरात नळाला पाणी येणं हा एक सण असतो, तो आठवड्यातून एकदा आला तर आला. तो अजून लांब होता. आदल्या दिवशी टँकर येऊन दारातला निळा ड्रम भरून गेला होता, आणि ते पाणी असं गढूळ होतं की त्यात हात घातला तर बोटं दिसत नव्हती.

सकाळी आवडाबाईनं ड्रमचं झाकण काढलं. पाणी काचेसारखं नितळ होतं. तळाशी गाळ बसलेला आणि वरचं पाणी असं की ड्रमची शिवण दिसत होती. तिनं दोन्ही हात जोडले. पहिल्या दिवसापासून तिच्या छातीत एक दगड बसला होता, तो जरा हलला. देवीनं एवढं तरी ऐकलं, असं तिला वाटलं.

रंगाऱ्याच्या घरात पाणी भांड्यात ओतण्याआधी जिभेला लावतात. खारट आहे का, मचूळ आहे का, जिभेला कळतं. आवडाबाई एरवी हे न चुकता करायची. पण त्या दिवसापासून सटवाईचा दिवस सरेपर्यंत तिनं पाण्याचाही थेंब न घेण्याचा उपास धरला होता, नातीसाठी. तो कुणाला सांगितलाही नव्हता. म्हणून पाणी तिनं जिभेला लावलं नाही. तसंच तांब्याच्या हंड्यात ओतलं, मुळ्या टाकल्या, चूल पेटवली आणि पट आत सोडला.

उकळत असताना ती काठीनं हलवत राहिली. तोंडानं नाव घेत होती. वाफ डोळ्यांत जात होती. बऱ्याच वेळानं तिनं काठीवर पट उचलला आणि पाणी गळू दिलं. सगळं लाल दिसलं. पहिल्या उकळीनंतर थोडं दिसतंच, धुतलं की जातं. तिनं ड्रममधल्याच पाण्यात धुतलं. मग परत धुतलं. मग तिनं पट दोरीवर पसरला आणि डोळे पुसून बघितलं.

काळ्या रेघा जागच्या जागी होत्या. बाकी देवी लाल, मांजर लाल, गायीच्या अंगावरचा पांढरा पट्टा लाल, चंद्र लाल. चौकटही लाल. कुठं कमी, कुठं जास्त असंही नाही. सगळं एकसारखं, कुणीतरी रक्तात बुडवून काढावं तसं.

आवडाबाईनं चौकट उजेडाला धरून बघितली.

तिला काही समजेना. चौकटीवर तिनं तुरटी लावली नव्हती. चौकटीपाशी आल्यावर तर तिनं श्वास धरून काम केलं होतं, थेंबसुद्धा उडू नये म्हणून. मग तिनं साबण आणला. साबणानं काही झालं नाही. लिंबू पिळलं, पिळून चोळलं. लाल थोडं फिकं झालं आणि विटल्यासारखं दिसायला लागलं. शेवटी संडासात टाकायची पांढरी पावडर आणली आणि चौकटीवर ओतून ब्रशनं घासलं. घासता घासता सूत सुटायला लागलं, तेव्हा ती थांबली. चौकट गुलाबी झाली होती, मळकी आणि विरलेली. तिची बोटं चरचरत होती. दुसरा पट करायचा तर हिरडा भिजवण्यापासून सगळं आलं, उन्हात वाळवणं आलं, आणि सटवाईचा दिवस उद्याच होता. उद्या ती येईल आणि लिहायला जागा नसेल. न लिहिलेलं पोर जगत नाही, हे आवडाबाई जन्मल्यापासून ऐकत आली होती. आपणच नातीला मारलं, असं तिच्या मनात आलं. आणि ते एकदा आल्यावर जाईना.

दुपारी शिवराज डबा न्यायला आला. दोरीवरचा पट बघून तो दारातच थांबला.

"पाणी कुठलं घेतलं, माय?"

"ड्रमातलं."

"करमाडला नाय गेलीस?"

"कसं जाणार? दवाखान्यातनं फोन आला आसता मंग?"

शिवराजनं डबा खाली ठेवला. खिडकीकडं बघितलं. तिथं तुरटीचा खडा नव्हता. आवडाबाईचं लक्ष त्याच्या नजरेमागं गेलं आणि तेव्हा तिच्याही ध्यानात आलं की खडा नाही.

"तुरटी म्या फिरवली," तो म्हणाला. "ड्रमात. काल राती आल्यावर. पाणी लई गढूळ व्हतं. डॉक्टर म्हनले पोरीला घरी आनताल तवा पाणी चांगलं पायजे. म्हनलं आत्तापासनं सवय लावावी. तू करमाडला जाशील आसं वाटलं मला."

आवडाबाईच्या हातात अजून हंड्याची काठी होती. तिनं ती उचलली. शिवराज हलला नाही. मारलं असतं तर त्यानं मार खाल्ला असता.

"रंगाऱ्याच्या घरात जल्मलास," ती म्हणाली. "तुरटीनं काय व्हतं ते कुत्र्याला बी ठावं आसंल आपल्या घरातल्या."

"व्हय."

"मंग?"

"ध्यानातच आलं नाय. सगळ्याच घरात फिरवत्यात. म्या फक्त पोरीचं बगितलं, माय. बाकी काय दिसलंच नाय मला."

तो खाली बसला आणि तोंड झाकून रडायला लागला. तीसपस्तिशीचा गडी, कंपनीचा बिल्ला गळ्यात, मोरीशेजारी फरशीवर बसून. आवडाबाईनं काठी भिंतीला टेकवली. त्याच्यावर ओरडायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं, आणि त्याला जवळ घ्यायचंही नव्हतं. पोरगी घरी येणार असं हा गडी धरून चालला होता, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

मग शिवराज उठला, गाडी काढली आणि शहागंजातून छापील पट घेऊन आला. प्लॅस्टिकचा. देवीला लिपस्टिक होती. मधली चौकट होती, अगदी पांढरीशुभ्र, आणि तिच्यात दुकानाचं नाव आणि दोन मोबाइल नंबर छापले होते. आवडाबाईनं तो उलगडला, बघितला आणि परत गुंडाळून त्याच्या हातात दिला. एरवी तिनं यावर दिवसभर पुरेल एवढं ऐकवलं असतं.

संध्याकाळी तनुजाचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"आत्याबाई, पट झाला का?"

"झाला."

"पांढरं नीट निगालं ना?"

आवडाबाईनं फोन कानाला धरून ठेवला. खोटं बोलणं तिला जमत होतं, सगळ्यांना जमतं तेवढं. पण पटाबद्दल ती कधी खोटं बोलली नव्हती.

"उद्या घेऊन येते," ती म्हणाली. "तूच बग."

दुसऱ्या दिवशी पट पिशवीत घालून ती दवाखान्यात गेली. आधी वर गेली. तिथल्या रत्नमाला सिस्टरनं तिला काचेबाहेर उभं केलं. पेटीत नात होती. चामडी एवढी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. पोट वरखाली होत होतं, मध्येच थांबायचं, आणि थांबलं की आवडाबाईचाही श्वास थांबायचा.

"मावशी, पिशवीत काय आहे?"

"कापड हाय."

"आत नाही चालायचं हां. धागा, अंगारा, काहीच नाही. आधीच तिला इन्फेक्शन झालंय." मग सिस्टर जरा मऊ झाली. "आजची रात्र जरा जपायची आहे. डॉक्टरांनी भाऊंना सांगितलंय तसं."

भाऊंनी म्हणजे शिवराजनं हे घरी सांगितलं नव्हतं. आवडाबाई जिना उतरली तेव्हा तिला एकेक पायरी बघून उतरावं लागलं.

तनुजा वॉर्डात भिंतीकडच्या खाटेवर होती. शिवराज स्टुलावर बसला होता. तनुजा मूळची बजाजनगरची, तिचे वडील तिथंच कंपनीत होते. लग्नाच्या आधी ती एका शिवणकामाच्या कारखान्यात जायची. कापड हातात घेतलं की ते किती दिवस टिकेल हे तिला कळायचं. पहिल्या खेपेला तिनं सासूकडून पटातलं सगळं समजून घेतलं होतं, मांजर कशासाठी, वेल कशासाठी. चौकट तर तिनं बोटानं चाचपून बघितली होती.

आवडाबाईनं पट तिच्या मांडीवर पसरला आणि तोंड दुसरीकडं केलं. शिवराज सांगायला लागला, तुरटीचं, ड्रमचं. तनुजानं हातानंच त्याला थांबवलं. ती लाल कापडाकडं बघत राहिली. मग मधल्या मळकट गुलाबी जागेवरून बोट फिरवलं, जिथं सूत सुटलं होतं तिथं थांबवलं.

"मंजे इथं ती लिवू शकनार नाय?"

"नाय," आवडाबाई म्हणाली. "लालवर ती लिवत नाय. चुकी झाली, बाई. म्या पाणी जिभंला लावलं आसतं तर कळलं आसतं. उपास व्हता."

"मागच्या दोगींच्या बारीला पांढरं कसं निगालं व्हतं?"

"चांगलं निगालं व्हतं."

"चुन्यावानी निगालं व्हतं, आत्याबाई. म्या हात लावून बगितलं व्हतं. मला लई आनंद झाला व्हता." तनुजाचा आवाज चढला नाही. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही ऐकू गेलं नसतं. "त्या चुन्यावानी पांढऱ्यावर तिनं काय लिवलं?"

तनुजानं पट स्वतःकडं ओढला.

"दोन डाव जागा करून दिली आपन तिला. आपल्या हातानं. या, बसा, लिवा म्हनलं. आन तिनं लिवलं." तिनं पटाची घडी घालायला घेतली, पोटाच्या टाक्यांमुळं हात पुरेना, तरी घातली. "आता जागा नाय ना? मंग लई बरं झालं. ह्योच लावा."

"आगं, लिवल्याबिगर लेकरू कसं जगंल?"

"लिवून कुठं जगल्या?"

आवडाबाईला वाटलं, पोरीचं डोकं ठिकाणावर नाही. बाळंतपणात होतं असं. तिनं शिवराजकडं बघितलं. तो फरशीकडं बघत होता.

"आत्याबाई," तनुजा म्हणाली, "म्या तुमाला कधी उलटून बोलले नाय. आज सांगते. तिला आत येऊ देऊ नका. तिला काय लिवायचं ते दुसऱ्याच्या घरी लिवू द्या. मपल्या पोरीचं कोरं ऱ्हाऊ द्या."

एवढं बोलून तिला धाप लागली. तिनं घडी सासूच्या हातात दिली आणि हात सोडला नाही. तिचा हात तापला होता. आवडाबाईला तो सोडवून घ्यावा लागला.

घरी येताना रिक्षात तिनं पटाची पिशवी मांडीवर धरून ठेवली. बाळंतिणीची खोली तिनंच सारवून, म्हणजे फरशी पुसून, तयार ठेवली होती. बाळ दवाखान्यात असलं तरी सटवाई घरीच येणार, याबद्दल तिला शंका नव्हती. दवाखान्यात एवढ्या पेट्या, कुणाची कोणती हे देवीला तरी कसं कळावं. खोलीत एका दुपट्यावर बाळाचं झबलं ठेवलं होतं, अजून घडी न मोडलेलं. दिवेलागणीला पट भिंतीला लावायचा, खाली पाटावर बोरू ठेवायचा, समई लावायची, दार किलकिलं ठेवायचं आणि घरातल्या सगळ्यांनी बाहेर जायचं. देवीला लिहिताना कुणी बघायचं नाही. आणि त्या दिवशी उंबऱ्यात कुणी बसायचं नाही, कारण तिची ती वाट. उंबऱ्यावर बसणाऱ्या पोरांच्या पाठीत आवडाबाईनं आयुष्यभर धपाटे घातले होते.

दिवेलागण झाली. तिनं लाल पट भिंतीला लावला. बोरू हातात घेतला, थोडा वेळ धरला आणि कोनाड्यात ठेवून दिला. समई लावली नाही. खोलीबाहेर आली, दार लावून घेतलं. कडीनं देवी अडत नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती उंबऱ्यातच बसली, पाठ चौकटीच्या एका बाजूला, पाय समोरच्या बाजूला टेकवून. आता कुणाला आत जायचं तर तिला ओलांडून जावं लागलं असतं.

तिला भीती वाटत होती. एवढी भीती तिला नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती. नवरा गेला तेव्हा देवी सोबत होती.

"सटवाईमाय," ती म्हणाली. मग तिनं पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"आजवर या घरातनं तुला कुनी माघारी लावलं नाय. मपल्या आजीनं नाय, मायनं नाय. म्या तर दोन डाव पायघड्या घातल्या. तू आलीस, लिवलंस, गेलीस. म्या कधी इचारलं नाय काय लिवलंस. आज येऊ नको. आत जागा नाय. खरंच नाय, म्या घासून बगितलं." तिनं पदराचं टोक तोंडात धरलं आणि परत सोडलं. "राग आला तर मपल्यावर काड. मपलं लिवून झालंय तुझं, त्यात काय वाढवायचं ते वाढव. पर आत जायाचं नाव घेऊ नको."

तेवढ्यात स्वयंपाकघरात फोन वाजला. तो चार्जिंगला लावलेला होता. आवडाबाईनं मान वळवली. शिवराजच असणार, दवाखान्यातून. दोनच गोष्टींसाठी तो आता फोन करेल. उठून गेलं तर कळेल. पण उठलं तर उंबरा मोकळा.

फोन थांबला. परत वाजला. तिचे पाय आपोआप उचलले गेले, ते तिनं परत चौकटीला टेकवले. काय झालं असेल ते झालेलं असेल, उचलल्यानं बदलणार नाही, असं ती स्वतःला सांगत होती, आणि त्यातला एक शब्दही तिला खरा वाटत नव्हता. शेवटी तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मोठ्यानं बोलायला लागली, म्हणजे फोन ऐकू येऊ नये. ती काय बोलली ते शेजारच्यांनी ऐकलं. तीच वाक्यं ती परत परत म्हणत होती. हितं लेकरू नाय. घर चुकलं तुझं. हितं कुनी नाय.

उजाडल्यावर शिवराज आला तो पळतच. बाहेरचं दार त्यानं ढकललं. आई उंबऱ्यात आडवी झाली होती, डोकं दाराला लागलेलं. क्षणभर त्याला वाटलं ती गेली.

"माय. फोन कामून उचलंनास?"

आवडाबाईनं डोळे उघडले. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं, पण विचारलं नाही.

"हाय," शिवराज म्हणाला. "हाय ती. राती लई वाईट झालं, निळी पडली. म्हनून फोन करत व्हतो. मंग सावरली. पाटं नळी काडून बगितली त्यांनी, आपल्या आपन श्वास घेतला थोडा येळ. तनुजाचं दूद दिलं, चमच्यानं. ऱ्हायलं पोटात."

आवडाबाईनं हे सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलंही नाही. शिवराजनं तिला उठवायला हात पुढं केला.

"ऊठ आता. पाणी पी. उपास सोड."

ती हलली नाही.

"माय, सटी सरली. ऊठ."

"म्या उठले," आवडाबाई म्हणाली, "आन ती मागनं आली तर?"

"सरला की दिवस तिचा."

"दिवस सरल्यावरच गेल्या ना दोगी."

शिवराज तिच्या पुढ्यात तसाच उभा राहिला. बंद दाराकडं बघितलं, आईच्या चौकटीला टेकलेल्या पायांकडं बघितलं. ते सुजले होते. आज नाही उठली, तर मग कधी उठायचं, हे तिलाही माहीत नव्हतं आणि त्यालाही नाही.

त्यानं पाण्याचा तांब्या आणून तिच्याजवळ ठेवला.

"तू जरा पड," तो म्हणाला. "म्या बसतो."

मग आई सरकली तेवढ्या जागेत तो उंबऱ्यात बसला, चौकटीला पाठ लावून, आणि पाय समोरच्या बाजूला टेकवले.